१४२८५७ : सातच्या भागाकारातली संख्या

एकाला सातने भागले की दशांशचिन्हानंतर १४२८५७ हे सहा अंक त्याच क्रमाने येत राहतात. या संख्येची दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१, चौपट ५७१४२८, पाचपट ७१४२८५ आणि सहापट ८५७१४२. अंक तेच, त्यांचा फेराही तोच. फक्त सुरुवात बदलते. सातपट मात्र ९९९९९९. हा प्रकार जादू म्हणून दाखवला जातो, पण त्याचे कारण शाळेतल्या भागाकारातच आहे. १ ला ७ ने भागताना बाकी ३, २, ६, ४, ५, १ अशी उरते. शून्याखेरीज जेवढ्या बाक्या शक्य आहेत, त्या सगळ्या एकाच फेरीत येऊन जातात. ३ ला ७ ने भागणे म्हणजे याच फेरीत दुसऱ्या पायरीवर शिरणे, म्हणून तिथे पहिला अंक ४ येतो.

देवळालीला १९३० ते १९६२ शिक्षकी केलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी संख्यांचे जे प्रकार सांगितले, त्यांतल्या तिघांत ही एकटी संख्या बसते.

पहिला प्रकार कापरेकर संख्यांचा. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक तोडून उरलेल्यात मिळवले, तर २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. हा योगायोग नव्हे. १४२८५७ म्हणजे ७ × २०४०८ + १. त्याला पुन्हा १४२८५७ ने गुणले की सातपट ९९९९९९ असल्यामुळे वर्ग ९९९९९९ × २०४०८ + १४२८५७ असा होतो. ९९९९९९ हे दहा लाखांहून एकने कमी. म्हणून २०४०८ डावीकडे जातात आणि तेवढेच उजवीकडून वजा होतात.

दुसरा हर्षद संख्यांचा. अंकांची बेरीज २७ आणि १४२८५७ = २७ × ५२९१, म्हणजे निःशेष भाग जातो.

तिसरा स्वयंभू संख्यांचा : एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी कधीच तयार होत नाही, ती स्वयंभू. १४२८५७ ला ९ ने भाग जातो, म्हणून तिचा जनक असलाच तर त्यालाही ९ ने भाग जायला हवा. याहून लहान सहा अंकी संख्यांत अंकांची बेरीज फार तर ४० होते (१३९९९९). तेव्हा तपासायच्या चारच : १४२८४८, १४२८३९, १४२८३०, १४२८२१. त्यांच्या अंकांच्या बेरजा अनुक्रमे ९, १८, २७, ३६ हव्यात. आहेत २७, २७, १८, १८. जनक नाही.

कापरेकरांचे नाव ज्या ६१७४ मुळे जगभर गेले, ती क्रिया इथे निराळी वागते. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले की चार अंकी संख्या (सगळे अंक सारखे नसतील तर) ६१७४ वर थांबते. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन थांबे आहेत. १४२८५७ पासून मात्र ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२ अशी साखळी मिळते. शेवटच्या संख्येतले अंक १४२८५७ चेच असल्याने पुढची वजाबाकी पुन्हा ७५०८४३ देते आणि ही संख्या दोन्हींपैकी एकाही थांब्यावर पोचत नाही.