जुन्यावर बांधा, नव्यावर चालवा

पडद्यामागचं सॉफ्टवेअर : भाग ७

लायब्ररीचा कोड लिहून झाला, चाचण्या पास झाल्या, कोड गिटहबवर चढवला. गेल्या आठवड्यात आपण इथवर आलो होतो. बरेच जण इथेच हात झटकतात. पण वाचता येणारा कोड आणि दुसऱ्याच्या मशीनवर मुकाट चालणारं पॅकेज यांच्यामध्ये बिल्ड आणि पॅकेजिंगचा मोठा टप्पा असतो. तो लेखकाने पार पाडायचा की वापरणाऱ्याने, हा आजचा प्रश्न. उदाहरण पायथॉनचं घेऊ. तिथे या प्रश्नावर वर्षानुवर्षं खल झाला आहे आणि निघालेली उत्तरं नियम म्हणून लिहूनही ठेवली आहेत.

२०१६-१७च्या सुमारास ज्यांनी इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट विंडोजवर पायथॉनमध्ये केला, त्यांना तो लाल मजकूर आठवत असेल : ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० आवश्यक’. लायब्ररी पायथॉनची, मग मागणी सी++ची कशी? कारण अशा लायब्रऱ्यांचा आकडेमोडीचा जड भाग वेगासाठी सी, सी++ किंवा फोरट्रानमध्ये लिहिलेला असतो. पायथॉनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपने तुमच्याकडे आणलेला असायचा नुसता सोर्स. म्हणजे गहू घरी आले, पण घरात जातं नाही. कंपायलर नसला की काम ठप्प. त्या काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथले संशोधक क्रिस्टोफ गोल्के विंडोजसाठी शेकडो लायब्रऱ्या कंपाइल करून ठेवायचे आणि जगभरचे विद्यार्थी तिथून फाइल उचलायचे. सोय मोठी, पण ती एका माणसाच्या चांगुलपणावर उभी.

या दुखण्यावरचा इलाज म्हणजे व्हील. डॅनियल होल्थ यांनी २०१२ मध्ये मांडलेला हा प्रस्ताव पायथॉनच्या सुधारणा-प्रस्तावांत पीईपी ४२७ या क्रमांकाने ओळखला जातो. त्याचं सूत्र साधं आहे. बिल्ड लेखकाने एकदाच करायचा, वापरणाऱ्याने फक्त फाइल उलगडून जागेवर ठेवायची. व्हील ही खरं तर झिप फाइलच असते. एक्स्टेन्शन बदलून उघडून बघा. आत लायब्ररीचा फोल्डर दिसेल आणि शेजारी माहितीचा एक फोल्डर. त्यातल्या ‘रेकॉर्ड’ नावाच्या फायलीत आतल्या बाकी फायलींचे हॅश आकडे मांडलेले असतात.

नावातच सगळं

व्हीलचं नाव लांबलचक दिसतं, पण त्यातला एकही तुकडा फुकट नाही. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं एक व्हील घ्या, नावाची शेपटी जराशी छाटून : ‘नमपाय-१.२६.४-सीपी३१२-सीपी३१२-मेनीलिनक्स_२_१७_एक्स८६_६४’. आधी लायब्ररी, मग आवृत्ती. पहिलं ‘सीपी३१२’ सांगतं की हे सीपायथॉन ३.१२साठी आहे. दुसरं सांगतं की आतला कंपाइल केलेला भाग त्याच आवृत्तीच्या अंतर्गत रचनेला, म्हणजे एबीआयला, बांधलेला आहे. शेवटचा तुकडा ऑपरेटिंग सिस्टीमचा आणि प्रोसेसरचा. पिप आधी आपल्या मशीनवर कोणकोणती लेबलं चालतील याची यादी बनवतो, मग पायपीआय या पायथॉन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारातल्या फायलींची नावं तिच्याशी ताडतो. फाइल उतरवायच्या आधीच निवड झालेली असते. जुळणारं व्हील नसलं, की पिप पुन्हा सोर्स आणतो आणि तुमच्याच मशीनवर बिल्ड करायला बसतो. नवी पायथॉन आवृत्ती आली की पहिले काही आठवडे इन्स्टॉल फसण्याच्या तक्रारी वाढतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

विंडोज आणि मॅकचं गणित तुलनेने सोपं. खरी पंचाईत लिनक्सची. उबुंटू, डेबियन, फेडोरा, सेंटओएस, प्रत्येकाचं सामान वेगळं. सगळ्यात अडवणारी गोष्ट म्हणजे जीलिबसी, सीची मूळ लायब्ररी. तिचा नियम एकमार्गी आहे. जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही. उबुंटू २२.०४मध्ये जीलिबसी २.३५ आहे, २०.०४मध्ये २.३१. थ्रेड वापरणारी लायब्ररी पहिल्यावर बांधून दुसऱ्यावर नेली, की ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ असं उत्तर मिळतं. कारण थ्रेडची फंक्शन्स २.३४ पासून मूळ लायब्ररीत गेली आणि त्यांच्यावर नवा आवृत्तीशिक्का बसला. कोड तोच, चूक कुणाचीच नाही, तरी पॅकेज बाद.

यावरचं उत्तर २०१६ मध्ये मेनीलिनक्स या नावाने आलं, आणि ऐकायला उफराटं वाटेल असं आहे. सगळ्यांनी चालवायचं असेल, तर बांधणी २००७ सालच्या सेंटओएस ५वर करायची! नऊ वर्षं जुन्या सिस्टीमवर बांधलेली फाइल त्यानंतरच्या जवळपास सगळ्या प्रचलित लिनक्सवर चालते. पुढे ही पायरी सेंटओएस ६वर आणि मग ७वर आली. आता तर लेबलातच जीलिबसीचा आकडा लिहितात. वरच्या नावातलं ‘२_१७’ म्हणजे सेंटओएस ७ची जीलिबसी. किती मागच्या मशीनपर्यंत साथ द्यायची, हे लेखक त्या दोन आकड्यांत जाहीर करतो.

सोबत बांधून दिलेलं सामान

जीलिबसी सुटली तरी बाकीच्या लायब्रऱ्यांचं काय? नमपायला ओपनब्लास लागते, चित्रांच्या पिलोला वेबपी, जेपेग वगैरे. त्या वापरणाऱ्याच्या मशीनवर असतीलच याची खात्री नाही. म्हणून ऑडिटव्हील नावाचं साधन तयार व्हील तपासतं, बाहेरून लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या प्रती व्हीलमध्येच टाकतं, आणि दुसऱ्या कुणाच्या प्रतीशी टक्कर होऊ नये म्हणून त्यांच्या नावांना हॅशची शेपटी जोडतं. नमपायचं ते व्हील सुमारे १८ एमबीचं होतं, त्याचं एक मोठं कारण ही ओपनब्लास.

सोय झाली, पण जबाबदारीही लेखकाकडे आली. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपीच्या मूळ लायब्ररीत गंभीर सुरक्षादोष निघाला. क्रोम, फायरफॉक्स सगळेच धावले. डेबियनसारख्या वितरणात अशा लायब्ररीची शक्यतो एकच सामाईक प्रत असते. ती बदलली की तिच्यावर विसंबलेले प्रोग्रॅम दुरुस्त होतात. पिलोच्या व्हीलमधली प्रत मात्र सिस्टीम अपडेट करून बदलत नाही. पिलोने १०.०.१ ही नवी आवृत्ती काढली, आणि प्रत्येक वापरणाऱ्याला ती घेणं भाग होतं. ज्यांनी घेतली नाही, त्यांच्या सर्व्हरवर सदोष प्रत तशीच पडून राहिली. दुसऱ्याची लायब्ररी आपल्या पॅकेजात घातली, की तिच्या दुरुस्त्यांवर लक्ष ठेवणंही आपल्याच गळ्यात पडतं.

वाचलं ते आणि मिळालं ते

आणखी मोठा प्रश्न विश्वासाचा. गिटहबवर जो कोड सगळ्यांना दिसतो, तोच पॅकेजात आहे हे कशावरून? २०२४ मध्ये हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. एक्सझेड ही फायली दाबून लहान करणारी लायब्ररी लिनक्समध्ये सर्वत्र असते. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या प्रकाशित सोर्स पॅकेजात एक बिल्ड स्क्रिप्ट अशी होती, की ती त्या रूपात गिटमध्ये नव्हतीच. बिल्ड चालू झाला की ही स्क्रिप्ट चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या ‘बिघडलेल्या’ नमुना फायलींतून लपवलेला कोड बाहेर काढायची आणि लायब्ररीत मिसळायची. गिटमधला कोड ओळीनओळ वाचणाऱ्यालाही ती स्क्रिप्ट दिसली नसती. पोस्टग्रेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न पडला. त्याचा माग काढत ते तिथे पोहोचले आणि २९ मार्चला त्यांनी ही गोष्ट जाहीर केली. तोवर या आवृत्त्या डेबियन आणि फेडोराच्या चाचणी शाखांत गेल्या होत्या. थोडा उशीर झाला असता, तर त्या मुख्य आवृत्त्यांत उतरल्या असत्या.

म्हणून बिल्ड आपल्या लॅपटॉपवर करून फाइल हाताने चढवण्याची पद्धत आता मागे पडते आहे. बिल्ड सार्वजनिक सर्व्हरवर, सगळ्यांना दिसेल अशा स्क्रिप्टने चालवायचा आणि त्याच प्रक्रियेने फाइल थेट पायपीआयवर पाठवायची. पायपीआयने २०२३ पासून ही सोय दिली आहे आणि त्यात कायमचा पासवर्ड किंवा टोकन कुठे साठवून ठेवावं लागत नाही. डेबियनचे लोक त्याही पुढे गेलेत. एकच सोर्स दोन वेगळ्या ठिकाणी बांधला तर निघणाऱ्या फायली बाइटनबाइट सारख्या असाव्यात, असा त्यांचा आग्रह आहे. त्यासाठी फायलींत उमटणारी तारीख-वेळसुद्धा बांधून द्यावी लागते.

तुम्ही पहिलीच लायब्ररी प्रकाशित करणार असाल, तर एवढं करा. सोर्स पॅकेज आणि व्हील दोन्ही बनवा, आणि व्हील त्या सोर्स पॅकेजातूनच बांधा. त्यात एखादी फाइल राहिली असेल तर बहुधा तिथेच कळेल. मग नवं, रिकामं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट उघडा, प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर या, आणि तिथे व्हील इन्स्टॉल करून चाचण्या चालवा. प्रोजेक्टच्या फोल्डरात बसून चालवल्या, तर पायथॉन बऱ्याचदा पॅकेज सोडून शेजारचा सोर्सच उचलतो आणि पॅकेजात डेटाची फाइल गेलीच नाही हे कळतच नाही. सगळं जमलं की आधी टेस्टपायपीआय या सरावाच्या भांडारावर चढवा. खऱ्या पायपीआयवर एकदा चढवलेल्या फायलीचं नाव पुन्हा वापरता येत नाही, ती फाइल पुसून टाकली तरी नाही. चूक सुधारायची तर पुढचा आवृत्ती क्रमांकच काढावा लागतो. हे क्रमांक कसे ठरवायचे, आणि १.९ नंतर २.० की १.१०, ते पुढच्या आठवड्यात पाहू.