सगळे दिवे कधीच एकदम पेटत नाहीत

लेझरच्या झोतांवर बंदी, मंडळांची नाराजी, लाइटवाल्यांची निवेदनं, मग पोलिसांसोबत बैठक. गणपतीच्या तोंडावर हा क्रम आता अंगवळणी पडला आहे. 2023च्या विसर्जन मिरवणुकांनंतर नेत्रतज्ज्ञांनी तरुणांच्या नेत्रपटलाला झालेल्या इजांबद्दल जाहीरपणे सांगितलं, तेव्हाच हा वाद माझ्या लेखी संपला. पण कार्यकर्ते जो प्रश्न विचारतात तो रास्त आहे. लेझर नाही, तर लोकांनी मांडवासमोर थांबावं असं दाखवायचं काय?

ठेकेदाराकडे उत्तर तयार असतं. भाड्याची एलईडी वॉल उभी करायची, तिला पेनड्राइव्ह जोडायचा आणि मोकळं व्हायचं. मग या पेठेत जे ढग आणि जो त्रिशूळ, तेच ढग आणि तोच त्रिशूळ पुढच्या पेठेत. मला त्या भिंतींचा मनापासून कंटाळा आला आहे. पूर्वीची रोषणाई पाहायला घरून जेवून, पोरांना खांद्यावर घेऊन माणसं यायची, कारण ती त्या मंडळाची असायची. तशी रोषणाई आज पुन्हा करणं अवघड नाही, उलट पूर्वीपेक्षा खूप सोपं आहे. त्यासाठी लागणारा मेंदू पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळतो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे काय हे वाचकांना, निदान त्यांच्या घरातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना, सांगायची गरज नाही. तेव्हा थेट अडचणीपाशी येऊ.

अडचण पायांची, म्हणजे पिनांची. आर्डुइनो ऊनो या लोकप्रिय बोर्डावर एटीमेगा 328पी ही चिप असते. दिवे, बटणं वगैरे जोडायला तिच्या 20 पिना हाताशी येतात. एका पिनेवर एक दिवा लावला तर 20 दिव्यांत खेळ आटोपला. 20 दिव्यांत गणपतीची सोंडही धड वळत नाही. आणि आपल्याला हवेत शेकडो दिवे, प्रत्येक हवा तेव्हा पेटणारा आणि हवा तेव्हा विझणारा.

यावरची युक्ती जुनी आहे, पण मला अजूनही तिचं कौतुक वाटतं. दिवे आडव्या ओळी आणि उभे स्तंभ अशा जाळीत बसवायचे. एका आडव्या ओळीतल्या सगळ्या दिव्यांचं एक टोक एका तारेला, एका उभ्या स्तंभातल्या सगळ्यांचं दुसरं टोक दुसऱ्या तारेला. आठ ओळी, आठ स्तंभ, 64 दिवे आणि तारा फक्त 16. पण मग सगळ्या ओळी एकदम चालू ठेवता येत नाहीत, कारण नको ते दिवेही पेटतात. म्हणून एका वेळी एकच ओळ पेटवायची. पहिल्या ओळीतले हवे ते दिवे लावायचे, क्षणभर थांबायचं, ती ओळ बंद करून दुसरी लावायची, मग तिसरी. पंगतीत वाढपी एकच असतो, पण हात इतका चपळ की कुणाचंच पान रिकामं दिसत नाही, तसंच हे. सेकंदाला 100 फेऱ्या मारल्या तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला सव्वा मिलिसेकंद येतो. डोळ्याला ते तुटक दिसत नाही, सगळं चित्र स्थिर दिसतं.

म्हणजे तुम्ही ज्याला झगमगाट म्हणता, त्यातला प्रत्येक दिवा आठातले सात हिस्से वेळ विझलेला असतो. साहजिकच तो मंदही दिसतो. ते भरून काढायला त्या छोट्या क्षणात जास्त करंट सोडावा लागतो, आणि तिथे नवशिके हमखास चिप जाळतात. एका पिनेतून 20 मिलिअँपिअर घ्यावेत, 40 म्हणजे कमाल मर्यादा. ओळीतले आठही दिवे एकदम लागले की त्या एका तारेतून 160 मिलिअँपिअर जातात. तिथे मधे ट्रान्झिस्टर हवाच.

दुसरी गंमत प्रोग्रॅमच्या क्रमात आहे. आधीच्या ओळीचे स्तंभ बंद न करताच पुढची ओळ चालू केली, तर आधीच्या ओळीतलं चित्र पुढच्या ओळीत फिकट उमटतं. ‘अ’च्या खाली ‘अ’ची सावली. आधी सगळं बंद, मग ओळ बदल, मग नवीन माहिती, मग चालू. एवढा क्रम पाळला की ती सावली जाते. तिसरी गोष्ट गंमत नाही, धोका आहे. प्रोग्रॅम मधेच अडकला तर फेरी थांबते आणि जी ओळ चालू होती ती तशीच चालू राहते. क्षणभरासाठी ठरवलेला जास्तीचा करंट मग सलग वाहतो आणि दिवे जळतात. चिपमध्ये वॉचडॉग नावाची सोय यासाठीच असते: प्रोग्रॅम ठरावीक वेळात हजेरी लावत नसेल तर ती चिपला पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. शिकवणीच्या व्हिडिओंमध्ये हा भाग सहसा वगळलेला असतो.

हे सगळं विकतच्या वस्तूत पाहायचं असेल तर कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या दुकानाकडे बघा. ‘24 तास सेवा’ असं सरकत जाणारी ती लाल पाटी पी-10 नावाच्या पट्ट्यांची असते. एका पट्टीत 32 स्तंभ आणि 16 ओळी, म्हणजे 512 दिवे. दोन दिव्यांत दहा मिलिमीटर अंतर, त्यावरून नाव पी-10. इतक्या दिव्यांना कंट्रोलरकडून येणाऱ्या इशाऱ्याच्या तारा किती? सहा. पट्टीच्या मागे 74एचसी595 या चिपा 16 असतात. एकाच तारेवरून एकामागून एक येणारे इशारे त्या साठवतात आणि हुकूम मिळाला की एकदम बाहेर ठेवतात. ही पट्टी चार फेऱ्यांत पेटते: एका वेळी पहिली, पाचवी, नववी आणि तेरावी ओळ, मग दुसरी, सहावी आणि पुढे तशीच. खात्री करायची असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग सेकंदाचा दोन हजारावा भाग इतका ठेवून फोटो काढा. अक्षरं पट्ट्यापट्ट्यांची, अर्धवट येतील. लोकलच्या किंवा एसटीच्या पाटीचा फोटो काढल्यावर ‘पाटी बिघडलीय’ म्हणून जे फोटो फिरतात, त्यातले कित्येक याच जातीचे. पाटी ठणठणीत असते. कॅमेरा डोळ्यापेक्षा चपळ निघालेला असतो.

या पाटीवर मराठी बसवणं हे मात्र वेगळंच प्रकरण. रोमन अक्षर पाच बाय सातच्या चौकटीत आरामात मावतं, त्यामुळे जगभरच्या तयार संचांत तेवढीच अक्षरं येतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. 16 ओळींतल्या वरच्या तीन-चार आणि खालच्या दोन-तीन यातच जातात. उरलेल्या नऊ-दहा ओळींत ‘ष्ट्र’ लिहून दाखवा. शिवाय छोट्या कंट्रोलरला जोडाक्षर कसं जोडायचं हे ठाऊक नसतं. त्याच्या लेखी ते सुटे संकेत. म्हणून मराठी मजकूर आधी संगणकावर किंवा मोबाइलवर चित्र म्हणून तयार करतात आणि ते चित्र पाटीवर पाठवतात. ज्या पाट्यांवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसलेली दिसते, तिथे कुणीतरी ही पायरी गाळलेली असते. मराठीच्या पाट्यांसाठी आंदोलनं खूप झाली, 16 ओळींत नीट वाचता येईल असा मोफत देवनागरी अक्षरसंच करायला कुणी बसलं तर तेही एक काम होईल.

जाळीचं सगळ्यात देखणं उदाहरण मात्र आपल्याकडचं नाही आणि त्यात तारांची अशी काटकसरही नव्हती. बर्लिनमध्ये अलेक्झांडरप्लाट्झ चौकात ‘हाउस देस लेहरर्स’ ही इमारत आहे, शिक्षकांसाठी बांधलेली. 2001मध्ये ती रिकामी होती. केऑस कॉम्प्युटर क्लब या जर्मन हॅकर मंडळींच्या संघटनेला त्या वर्षी 20 वर्षं होत होती. त्यांनी इमारतीच्या वरच्या आठ मजल्यांवर, दर मजल्याच्या 18 खिडक्यांमागे एकेक दिवा ठेवला. 144 खिडक्या, 144 ठिपके. 11 सप्टेंबर 2001 ते 23 फेब्रुवारी 2002 इतके दिवस ती इमारत रोज रात्री पडद्यासारखी चालली. चौकात उभं राहून मोबाइलवरून एक नंबर फिरवायचा आणि फोनच्या बटणांनी समोरच्या इमारतीवर पाँग खेळायचं, म्हणजे चेंडू परतवायचा तो जुना व्हिडिओ गेम. कुणीही घरच्या संगणकावर छोटी हलती चित्रं काढून पाठवू शकत होतं. लोकांनी प्रेमपत्रं पाठवली. 144 ठिपक्यांत मावेल एवढं प्रेम, पण भर चौकात. 2002मध्येच याच मंडळींनी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मनोऱ्यावर 520 खिडक्या वापरल्या आणि 2008मध्ये टोरांटोच्या सिटी हॉलवर 960. माझं मत विचाराल तर पहिलाच प्रयोग सर्वांत सरस. ठिपके कमी होते म्हणून लोकांनी डोकं चालवलं.

तिथे ओळीओळीने पेटवायची युक्ती का नाही वापरली? कारण तारेचा बल्ब. त्याची तार तापायला आणि निवायला वेळ घेते. मिलिसेकंदात चालू-बंद केला तर तो नुसता मंद लुकलुकत राहतो. शिवाय बल्बमधून वीज दोन्ही दिशांनी जाते. अशा बल्बांची जाळी केली तर एक दिवा लावताना वीज शेजारच्या तीन बल्बांतून चोरवाटेने फिरून येते आणि तेही मिणमिणतात. एलईडी एकाच दिशेने वीज जाऊ देतो, म्हणून त्याची जाळी जमते. बर्लिनमध्ये त्यामुळे प्रत्येक दिव्याला स्वतंत्र तार ओढावी लागली. आपल्याकडे एलईडीच्या आधी मांडवांमध्ये मोटारीवर फिरणारा ड्रम असायचा, त्यावर तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांना घासणारे संपर्क. पट्टी जिथे जितकी लांब, तिथला दिवा तितका वेळ पेटायचा. कारंजं, मोर, धावणारं चक्र असं सगळं त्या ड्रमवर आधी आखावं लागे. बंगालमधल्या चंदननगरच्या कारागिरांनी जगद्धात्री पूजेच्या निमित्ताने ही कला फार उंचीवर नेली. ते खरे प्रोग्रॅमर होते. फक्त त्यांचा प्रोग्रॅम बदलायचा तर पट्ट्या कापून पुन्हा ठोकाव्या लागत.

आता मांडवात जे दिवे दिसतात त्यांनी जाळीची युक्तीही बरीच मागे टाकली. डब्ल्यूएस2812 या दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी आणि त्यांना सांभाळणारी चिमुकली चिप असं सगळं पाच मिलिमीटरच्या चौकोनात बसवलेलं असतं. कंट्रोलरची एक पिन पुरते. माळेतला पहिला दिवा येणाऱ्या माहितीतले पहिले 24 बिट स्वतःसाठी ठेवतो आणि बाकीचे पुढे सोडतो, दुसराही तेच करतो. एका दिव्याला 30 मायक्रोसेकंद लागतात. 512 दिव्यांचं चित्र साडेपंधरा मिलिसेकंदात रंगतं, सेकंदाला साठाहून अधिक वेळा. दिव्याला तीन बाइट या हिशेबाने ऊनोच्या 2,048 बाइट स्मृतीतल्या 1,536 त्यात जातात. दाटीवाटीने का होईना, बसतं. त्याहून मोठं काही करायचं तर ईएसपी32 घ्यावा, त्याला वायफाय असतं आणि मोबाइलवरून रंग बदलता येतात.

पण इथे काटकसर पिनांची उरत नाही, विजेची सुरू होते. पांढऱ्या रंगात पूर्ण तेजाने एक दिवा 60 मिलिअँपिअर खातो. 512 दिवे, म्हणजे जवळपास 31 अँपिअर. व्होल्ट पाचच आहेत म्हणून शॉक बसत नाही आणि सगळे बेफिकीर राहतात. पण बारीक वायरमधून 31 अँपिअर गेले तर वायर तापते, प्लास्टिक वितळतं आणि मांडव कापडाचा असतो. माळेच्या दूरच्या टोकाला पांढरा रंग पिवळसर-लालसर दिसायला लागला तर दिवे खराब नाहीत. तिथपर्यंत व्होल्टेज पुरेसं पोहोचत नाही आणि निळा एलईडी आधी मान टाकतो. उपाय म्हणजे एसएमपीएसपासून, म्हणजे पाच व्होल्ट देणाऱ्या वीजपुरवठ्याच्या डब्यापासून, जाड वायर काढून माळेला दोन-तीन ठिकाणी वीज द्यायची, प्रत्येक वाटेवर फ्यूज घालायचा आणि प्रोग्रॅममध्येच तेज एक तृतीयांशावर बांधून टाकायचं. रात्री तेवढं भरपूर होतं. आणि मधला एक दिवा मेला की त्याच्या पुढचे सगळे अंधारात जातात, तेव्हा सोल्डरिंग गन हाताशी ठेवणारा मुलगा दहाही दिवस मांडवात हवा.

तो मुलगा तुमच्या गल्लीतच आहे. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असेल, त्याच्या प्रोजेक्टच्या वहीत आठ बाय आठची जाळी काढलेली असेल. एलईडी वॉलचं भाडं ठरवण्याआधी मंडळांनी त्याला एकदा बोलवावं, साहित्याचे पैसे आगाऊ द्यावेत, चित्र काय असावं हे त्याच्यावर सोडावं. वायरिंग मात्र परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावं आणि वीज शेजारच्या दुकानातून आकडा टाकून नव्हे, तर रीतसर घ्यावी. महावितरण गणेशोत्सवात मंडळांना तात्पुरती जोडणी घरगुती दराने देतं, त्यासाठी अर्ज वेळेत करा.