पट्टा ओरिजिनल की बाजारातला?

गेल्या महिन्यात माझा भाचा दोन खोकी घेऊन घरी आला. एका खोक्यावर मोटारीच्या कंपनीचे चिन्ह, दुसऱ्यावर पट्टे बनवणाऱ्या कंपनीचे. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या दीडपट. "मामा, दुसरा डुप्लिकेट तर नसेल ना?" असा त्याचा प्रश्न. त्याने हौसेने जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतली आहे. ऑक्टाव्हियाची जुळणी २००१ पासून औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला होत असे. आरएस हे तिचे वेगवान रूप, १.८ लिटरचे टर्बो इंजिन आणि त्यात २० व्हॉल्व्ह.

या इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे दातेरी रबरी पट्टा असतो. खालचा क्रँकशाफ्ट दोन फेरे फिरला की वरचा कॅमशाफ्ट एकच फेरा फिरला पाहिजे, हा मेळ तो राखतो. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. पट्टा तुटला किंवा काही दाते घसरला, तर उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन येऊन आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही जायबंदी होतो. पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो.

आपल्या गॅरेजांत कंपनीच्या खोक्याबाहेरचे सगळे 'डुप्लिकेट'. पण हा शब्द फसवा आहे. मोटारीच्या कंपन्या बहुधा पट्टे स्वतः बनवत नाहीत. कॉन्टिटेक, गेट्स, डेको यांसारखे उत्पादक त्यांना पट्टे पुरवतात आणि तेच उत्पादक आपल्या नावानेही बाजारात विकतात. म्हणून वर्ग दोन नव्हेत, तीन आहेत. पहिला मोटार कंपनीच्या खोक्यातला, दुसरा नामवंत उत्पादकाच्या स्वतःच्या खोक्यातला आणि तिसरा कोणी बनवला याचा पत्ता नसलेला. खरी डुप्लिकेट हा तिसरा. नामवंतांच्या खोक्यांचीही नक्कल होते, त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडून पक्के बिल घेऊनच खरेदी करावी.

मग भाच्याने पुढचा प्रश्न काढला. "मी टर्बोचा दाब वाढवून ताकद वाढवणार आहे. मग शर्यतीच्या गाड्यांचा मजबूत पट्टा नको का?" मी त्याला विचारले, "चाकांकडे जाणारी ताकद या पट्ट्यावरून जाते का?" नाही जात. पट्ट्याला कॅमशाफ्ट फिरवायचा असतो आणि या इंजिनात पाण्याचा पंपही. त्याच्यावरचा भार वाढतो तो व्हॉल्व्हच्या कडक स्प्रिंगा बसवल्या, कॅम बदलले किंवा इंजिन मूळ मर्यादेपेक्षा जास्त फेऱ्यांवर पळवले तर. नुसत्या टर्बोच्या दाबाने त्यात फारसा फरक पडत नाही. शर्यतीच्या पट्ट्याचे पैसे इतरांनी वाचवावेत.

ते पैसे कुठे घालावेत, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीचा पट्टा बदलताना मेकॅनिक म्हणाला, "साहेब, टेन्शनरही बदलू." मी म्हटले, "चालतोय ना? राहू दे." पट्टा कंपनीच्या खोक्यातला, अस्सल होता. वर्षभराच्या आतच खंबाटकी घाट चढताना जुन्या टेन्शनरचे बेअरिंग अडकले, पट्टा घसरला आणि इंजिन एकदम गप्प झाले. स्टिअरिंग जड, ब्रेक जड, मागे ट्रकांची रांग, गाडीत बायको आणि दोन मुले. गाडी कशीबशी कडेला घेतली. हेड उघडले तेव्हा व्हॉल्व्ह वाकलेले होते. पट्टा ओरिजिनल असूनही उपयोग झाला नाही.

म्हणून पट्टा एकटा घेऊ नये. टेन्शनर, फिरत्या पुल्या आणि पाण्याचा पंप असा सगळा संच एकदम बदलावा. ऑइल सील गळत असेल तर तेही, कारण तेलाने रबर खराब होते. नवा पट्टा दुमडू किंवा पिळू नये. आतले काचतंतू तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. बसवल्यावर स्टार्टर मारण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा जुळतात का, ते पाहायला सांगावे. आणि रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. पुस्तिकेत किलोमीटर व वर्षे दोन्ही दिली असतील, तर जे आधी भरेल ते धरावे. जुनी गाडी विकत घेतली आणि आधीच्या मालकाकडे बिल नसेल, तर पट्टा बदललेलाच नाही असे समजावे.

भाच्याने दुसरे खोके ठेवले, पहिले परत केले. वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून टेन्शनर, पुल्या आणि पंप आणले. काम झाल्यावर मी बॉनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर तारीख आणि किलोमीटर, एवढेच लिहिले आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)