आधी गाव, मग निधी

परदेशातून आलेल्या माणसाने एखाद्या गावासाठी काही करायचे ठरवले, तर निर्णय कोणी घ्यायचा? पैसा आणि ओळखी त्याच्याकडे असतात. जमीन, दुष्काळ आणि चुकीचे परिणाम गावाच्या वाट्याला येतात. अहिल्यानगर जिल्ह्याने या प्रश्नाचे उत्तर कामातून दिले आहे.

फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट. 1948 साली ते भारतात आले आणि पुढे अनेक दशके या दुष्काळी पट्ट्यात राबले. त्यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. निधी जर्मनीचा, साथ नाबार्डची. मात्र निधी येण्याआधी गावाला श्रमदान करून दाखवावे लागे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करावी लागे. कारभार ग्रामसभेने नेमलेल्या पाणलोट समितीकडे असे. आराखडा आखताना शेतकरी नवरा-बायको तंत्रज्ञाबरोबर स्वतःच्या रानात फिरत. बांध कुठे घालायचा, झाड कोणते लावायचे, हे तिथेच ठरे. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचा उजाड डोंगर माथा ते पायथा अशा कामातूनच सावरला.

चराईबंदीची झळ सर्वांना सारखी बसत नाही. शेळ्यामेंढ्यांवर ज्याचे पोट आहे, त्याला ती सर्वांत आधी बसते. म्हणूनच ती बाहेरच्याने लादायची नसते. झळ सोसणाऱ्यांना बरोबर घेऊन गावानेच ठरवायची असते.

या जिल्ह्याला परदेशी माणसे नवी नाहीत. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार यांनी एकोणिसाव्या शतकात नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सावित्रीबाईंनी ते शिक्षण स्वतःच्या वाटेने नेले, आणि त्याचे मोल त्यातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत शिकून 1970 साली जामखेडला आले. त्यांनी गावातल्याच बायकांना, त्यांतल्या अनेक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाहेर मिळवलेली विद्या अशी गावाच्या हाती गेली.

आज जिल्ह्यातील मुले परदेशातून गावी पैसे पाठवतात. त्यांना एवढेच सांगणे: देणगीआधी प्रस्ताव ग्रामसभेपुढे ठेवा, हिशेब गावासमोर उघडा ठेवा आणि तुमच्या पश्चात काम कोण चालवणार, हे आधी ठरवा. जिथे राहता, त्या परक्या गावालाही हाच न्याय लावा.