उन्हाची वाफ आणि गॅसची वीज

भंडारा जिल्ह्यात उन्हाळी धानाला पाण्याची खरी निकड भासते ती चैत्र-वैशाखात. पारा ४४ अंशांवर जातो, बांधीतले पाणी पाहता पाहता आटते आणि पंपाच्या विजेची पाळी नेमकी रात्रीची येते. रात्रीचे ओलीत म्हणजे काय, हे शेतकरी बंधूंना सांगावयास नको. याच दिवसांत गॅसवरील वीजकेंद्रेही उन्हाने थकतात, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते.

गॅस टर्बाइन म्हणजे विमानाच्या इंजिनाचा भाऊच. हवा दाबून आत घ्यावयाची, तीत गॅस जाळावयाचा आणि त्या झोताने चाक फिरवावयाचे. हवा तापली की विरळ होते. यंत्रात तिचे वजन कमी जाते आणि वीज घटते. बाहेर पडणारा झोत तरीही ५०० ते ६०० अंश सेल्सिअस गरम असतो. तो बॉयलरमधून नेल्यास वाफ होऊन दुसरे टर्बाइन चालते. रायगड जिल्ह्यातील उरण केंद्राच्या ६७२ मेगावॉटपैकी २४० मेगावॉट क्षमता अशा वाया जाणाऱ्या उष्णतेवरच आहे.

या वाफेत सूर्याची भर घालता येते. पन्हाळीच्या आकाराचे लांब आरसे ऊन एका नळीवर एकवटतात. नळीतील तेल ४०० अंशांच्या जवळपास तापते आणि त्याच्या उष्णतेने पाण्याची जादा वाफ होते. ऊन कडक तेव्हा गॅसचे टर्बाइन मंद, पण आरसे जोरात. इजिप्तमध्ये कुरैमत येथे २०११ मध्ये असे १४० मेगावॉटचे केंद्र सुरू झाले. त्यात सूर्याचा वाटा २० मेगावॉट. आपल्या देशात जोधपूरजवळ मथानिया येथे १४० मेगावॉटचीच योजना १९९० च्या दशकात आखली होती. ती कागदावरच राहिली.

असे केंद्र भंडाऱ्यात उभारावे, असे आम्ही म्हणणार नाही. आरशांना थेट ऊन लागते, ढगाळ पावसाळ्यात ते निरुपयोगी ठरतात. गॅसची टंचाई तर उरणनेही सोसली आहे. त्यापेक्षा गिरण्यांतील धानाचे तूस बॉयलरमध्ये जाळून त्यास उन्हाची जोड देणे आपल्याकडे अधिक जुळेल, असे वाटते.

दिवसाच्या ओलितासाठी सौर पॅनेल पुरेसे आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा रोखही तोच आहे. मात्र सूर्य मावळताच पॅनेल थांबते. घरोघरचे दिवे त्याच वेळी लागतात, आणि तेव्हा गॅस टर्बाइन काही मिनिटांत सुरू करता येते.