सुकवलेला गुलाब : भांडवल थोडे, निगुती जास्त

फुलांच्या बाजारात सकाळी भाव खाणारा गुलाब संध्याकाळी केराच्या टोपलीत जातो. कापडाचा ताका आज खपला नाही तर उद्या खपेल, या भरवशावर आम्ही कापडवाले दुकान बंद करून निश्चिंत झोपतो. फूलवाल्याला ती सोय नाही. मात्र हाच गुलाब रीतसर सुकवला तर तो वर्ष-दोन वर्षे शोभेची वस्तू म्हणून टिकतो आणि त्याचा भाव दुकानदार ठरवू शकतो. आमच्या लहान व्यापारी आणि कारागीर बंधूंनी या हुनराकडे लक्ष द्यावे, म्हणून आज ही माहिती मांडत आहोत.

पुणे जिल्ह्यात मावळ-तळेगाव भागात हरितगृहांतून लांब दांड्याचा गुलाब मोठ्या प्रमाणात निघतो. १४ फेब्रुवारीच्या आधी त्याचा भाव चढतो आणि तो दिवस सरला की उतरतो. सुकवणाऱ्याची खरेदी या उतरत्या भावात व्हावी. मात्र माल ताजाच हवा. शिळे, डागी फूल सुकवले तर डाग अधिकच उठून दिसतात.

सुकवण्याच्या पद्धती

सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे फुलांच्या लहान जुड्या बांधून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलट्या टांगणे. दोन-तीन आठवड्यांत फूल वाळते. पाकळ्या आक्रसतात, पण तोरण किंवा गुच्छासाठी हा माल चालतो. दुसरी पद्धत वाळूची. बारीक वाळू धुऊन, चाळून, कोरडी करून तिच्यात फूल पुरतात. यालाही दोन-तीन आठवडे लागतात आणि वाळूच्या वजनाने पाकळी दबण्याची भीती असते.

बाजारात उठून दिसणारा माल हवा असेल तर सिलिका जेल वापरावे. औषधांच्या बाटलीत ओल शोषण्यासाठी जी पुडी असते, त्यातलाच हा पदार्थ; फुलांसाठी त्याचे बारीक दाणे घ्यावेत. अर्धे ते पाऊण उमललेले फूल दव वाळल्यावर घ्यावे. दांडा बोटभर ठेवून बाकीचा कापावा. नकली दांडा लावायचा असेल तर तार आताच खोचावी, कारण सुकल्यावर फूल तडकते. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन सेंटीमीटर जेलचा थर पसरून फूल तोंड वर करून बसवावे. मग चमच्याने हळूहळू दाणे सोडावेत. आधी बाजूने, मग पाकळ्यांच्या मधून. आकार मोडू न देता फूल पूर्ण झाकावे आणि झाकणावर पट्टी चिकटवावी.

पाच ते सात दिवसांत पाकळी कागदासारखी वाजू लागते. डबा अलगद तिरका करून दाणे ओतून काढावेत आणि उरलेली पूड मऊ कुंचल्याने झटकावी. ढिल्या पाकळीच्या मुळाशी गोंदाचा एक थेंब पुरतो. फूल गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवले तर हात लावताच पाकळ्या गळतात.

जेल पुन्हा पुन्हा वापरता येते आणि धंद्याची बचत इथेच आहे. ओल शोषली की खुणेचे दाणे रंग बदलतात. ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सिअसला तापवले की ते पुन्हा कामाला येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते प्रकृतीस घातक आहे. म्हणून नारिंगी दाणे घ्यावेत. काम करताना तोंडाला फडके बांधावे, आणि यातले भांडे स्वयंपाकाला कधीही वापरू नये.

महागड्या पेटीत मिळणारा मऊ, ताजा वाटणारा गुलाब याहून वेगळा. त्यातले पाणी अल्कोहोलने काढून जागी ग्लिसरीनसारखा द्रव आणि रंग भरतात. इक्वेडोर, कोलंबिया या देशांत हा मोठा उद्योग आहे. अल्कोहोल चटकन पेट घेते, म्हणून हा प्रयोग घरात करू नये.

रंग पक्का की कच्चा?

कापडाप्रमाणे इथेही रंग पाहूनच माल उचलावा. गुलाबी, पिवळा आणि नारिंगी रंग बऱ्यापैकी टिकतो. गडद लाल फूल सुकल्यावर काळपट दिसते, म्हणून उजळ लाल निवडावे. पांढरे फूल पिवळसर पडते. उन्हात कोणताच रंग टिकत नाही. शोकेसही उन्हाच्या तोंडाशी नको.

दुसरा शत्रू पावसाळा. दमट हवेत सुकलेली पाकळी पुन्हा ओल ओढते, मलूल होते आणि बुरशी धरते. म्हणून मुंबई-कोकणच्या हवेत माल उघडा विकू नये. काचेच्या बंद पेटीत किंवा चौकटीत, तळाशी जेलची पुडी दडवून विकावा.

हिशेब आणि बाजार

शंभर फुले भरली आणि ऐंशी चांगली निघाली, तर सगळा खर्च ऐंशींवर बसवावा. कापडात तुकडा जातो तशी इथे मोडतोड जाते. त्यात फूल, जेलची झीज, इंधन, पेटी आणि मजुरी धरावी. बहुधा पेटीच फुलाहून महाग पडते. तुटलेल्या पाकळ्या फेकू नयेत. त्या शुभेच्छापत्रांवर लागतात, सुगंध मिसळून वाटीत ठेवण्याच्या मिश्रणातही खपतात.

देशात सुक्या फुलांच्या निर्यातीची मुख्य केंद्रे तुतिकोरिन आणि कोलकाता ही आहेत. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने सुक्या फुलांच्या हस्तकलेचे तंत्र विकसित करून महिलांना प्रशिक्षण दिले आहे. शिकू इच्छिणाऱ्यांनी तिथे चौकशी करावी.

कॉम्प्युटरवर चालणाऱ्या भरतकामाच्या यंत्रांनी जरीच्या हातकामाचा मोठा हिस्सा नेला. ज्या बोटांनी कापडावर एकेक टिकली बसवली, त्या बोटांना पाकळी सांभाळणे शिकवावे लागणार नाही. घरातील भगिनींनाही हे काम घरबसल्या जमण्यासारखे आहे. मात्र व्यापाऱ्याने मजुरी नगावर ठरवली तर मोडलेल्या फुलाचा भार त्यांच्यावर टाकू नये. मोडतोड हा धंद्याचा खर्च आहे, मजुराचा नव्हे.

ग्राहकाशीही सचोटी हवी. “कायम टिकणारा गुलाब” असे सांगून विकणे ही फसवणूक आहे. ऊन-ओल टाळली तर वर्ष-दोन वर्षे शोभा राहील, एवढेच सांगावे आणि तसे पेटीवर छापावे.

ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी हिवाळ्यात पंचवीस फुलांपासून करावी. त्यातल्या पाच पेट्या विकू नयेत. पुढचा पावसाळा त्यांच्यावरून जाऊ द्यावा. त्या चांगल्या राहिल्या, तरच मोठी ऑर्डर घ्यावी.