उत्तेजक नशा आणि मेंदूतली शिल्लक



आपल्या आदिलाबादची मुले बारावीनंतर कृष्णा एक्स्प्रेसने हैदराबादला जातात, कोणी नागपूर-पुण्याला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घालून शेकडो किलो मेफेड्रोन पकडले. ‘एमडी’, ‘म्याव म्याव’ ही त्याचीच नावे. २०१५ पासून त्यावर अमली पदार्थ कायद्याने बंदी आहे. अशा उत्तेजक पदार्थांनी मेंदूत काय घडते, ते सोप्या शब्दांत सांगण्याचा आमचा हा प्रयत्न.

मेंदूत सेरोटोनिन नावाचे रसायन असते. मन:स्थिती, झोप आणि भूक यांच्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. दूध, डाळी, शेंगदाणे यांतल्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर ते थोडे थोडे तयार करते. मेफेड्रोन किंवा एक्स्टसी घेतली की पेशींत साठवलेले सेरोटोनिन आणि डोपामिन एकदम बाहेर पडते. आम्ही बँकेतले, म्हणून त्याच भाषेत सांगतो: नशेचा आनंद म्हणजे आपल्याच बचत खात्यातून एका दिवसात उचललेली रक्कम.

प्रयोगशाळेत एक्स्टसी दिलेला उंदीर जमिनीला चपटून बसतो, डोके डावी-उजवीकडे हलवतो, पुढचे पाय जागच्या जागी आपटतो. सेरोटोनिन भरमसाट सुटल्याची ही खूण. मोठ्या मात्रा पुन्हा पुन्हा दिल्या की मेंदूतला साठा घटतो आणि कित्येक आठवडे भरून येत नाही. काही प्रयोगांत तर असे उंदीर महिन्यांनंतरही बुजरे राहिले, दुसऱ्या उंदरांत कमी मिसळले.

उंदरावरून माणसाचा सगळा हिशेब मांडता येत नाही. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उंदराला वाईट संगत नसते, घरचे फाजील लाड नसतात. तरीही त्याचे वागणे बदलते. म्हणून नशा सोडलेल्या मुलाची उदासी, चिडचिड, एकलकोंडेपणा यांना नाटक किंवा आळस समजू नये. शिल्लक भरून यायला वेळ लागतो. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून लपवाछपवी केली, तर उपचार लांबतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे वेळेवर न्यावे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ मोफत आहे.

दसरा-दिवाळीला मुले घरी येतील, तेव्हा मार्कांबरोबर त्यांच्या झोपेची, जेवणाची आणि मित्रमंडळींचीही आपुलकीने चौकशी करावी, ही सर्व पालकांना विनंती.